शुश्रूषेचा वारसा आणि आपल्या मुली

अमरावतीत उतरून रिक्षावाल्याला ‘जिल्हा स्त्री रुग्णालयात ने’ असे म्हणा, तो क्षणभर विचार करील. ‘डफरीनला ने’ म्हणा, तो लगेच निघेल. आपल्या अकोल्यातही तसेच आहे. कागदोपत्री नाव काहीही असो, बाळंतपणासाठी घरातली सून जाते ती ‘लेडी हार्डिंग’मध्येच. पिढ्यान्‌पिढ्या आपण ही नावे घेत आलो. पण ही नावे कोणाची आणि आपल्या वऱ्हाडात ती कशी आली, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही.

दोन्ही नावे व्हाइसरॉयांच्या पत्नींची आहेत. लेडी डफरीन यांनी १८८५ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सूचनेवरून, हिंदुस्थानातील स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून एक फंड उभारला. पडद्यातील बाई पुरुष डॉक्टरला नाडी दाखवीत नाही आणि उपचारावाचून मरते, ही त्या काळची सर्वत्र दिसणारी गोष्ट होती. हिंदू घरांतही आणि आपल्या घरांतही. लेडी हार्डिंग यांनी पुढे दिल्लीत स्त्रियांच्या वैद्यकीय व परिचारिका-शिक्षणासाठी खटपट केली. त्या १९१४ साली वारल्या आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय १९१६ साली सुरू झाले. डफरीन फंडाचे उद्देश तीन होते: स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देणे, स्त्रियांसाठी दवाखाने काढणे आणि शिकलेल्या परिचारिका व सुइणी तयार करणे. पहिल्या दोन उद्देशांचा इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे. डॉक्टरीणबाईंचे फोटो भिंतीवर लागतात, इमारतीवर देणगीदाराचे नाव कोरले जाते. पण डॉक्टर तपासून गेल्यावर रात्रभर रुग्णाजवळ कोण बसणार, हा प्रश्न त्या तिसऱ्या उद्देशात होता. प्रस्तुत लेखात मी वाचकांपुढे तोच ठेवीत आहे. कारण बारावीचा निकाल लागला की आपल्या समाजातील अनेक घरांत याच प्रश्नावर कुजबूज होते. मुलगी म्हणते, नर्सिंगला जाते. वडील गप्प बसतात.

पालकहो, गप्प बसण्यापूर्वी थोडे मागे, मदिनेपर्यंत, जाऊन येऊ. खंदकच्या लढाईत (इ. स. ६२७) हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांना बाण लागला, तेव्हा पैगंबर साहेबांनी (स.) त्यांना मस्जिदे नबवीतील एका तंबूत ठेवण्यास सांगितले. तो तंबू हजरत रुफैदा अस्लमिया (रजि.) यांचा. जखमींची मलमपट्टी करणे, ज्याला कोणी नाही त्याची देखभाल करणे, हे या अन्सारी स्त्रीचे काम होते, आणि त्यासाठी जागा मिळाली होती ती मस्जिदीच्या आवारात. हजरत उम्मे अतिया (रजि.) सात मोहिमांत बरोबर होत्या, त्या जेवण रांधीत आणि जखमींची व आजाऱ्यांची शुश्रूषा करीत. व्याख्यानांतून ही नावे आपण मोठ्या अभिमानाने घेतो. मग आपल्याच मुलीने अर्ज आणला की तोंड का फिरवावे? पुढे कैरोत सुलतान कलावून याने १२८४ साली बांधलेल्या प्रसिद्ध रुग्णालयात स्त्री व पुरुष रुग्णांचे विभाग वेगळे होते आणि त्यांच्या देखभालीस त्या त्या विभागात स्त्री व पुरुष सेवक नेमलेले असत. म्हणजे आज ज्या अडचणी आपण नव्या म्हणून सांगतो त्यांचा विचार सातशे वर्षांपूर्वी झालेला होता.

तरीही येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सेवाभाव असणे आणि परिचारिका असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे भाषणांत ‘सेवा, सेवा’ असा इतका गजर होतो की मधले शिक्षण कोणाच्या ध्यानातच राहात नाही.

सावित्रीबाई फुले यांचे उदाहरण घ्या. त्यांच्याबरोबर फातिमा शेख यांचे नाव आपल्या शाळांतून आदराने घेतले जाते. १८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये पुण्यात पसरला. सावित्रीबाईंनी डॉक्टर झालेल्या आपल्या मुलाला, यशवंताला, बोलावून घेऊन पुण्याबाहेर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाड यांचा प्लेग झालेला मुलगा त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणला. त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. या धैर्यापुढे मान लवते. पण त्याच साथीने सर्व शहाण्या माणसांच्या लक्षात एक गोष्ट आणून दिली. सरकारने रुग्णालये उघडली, जातीजमातींनी आपापली रुग्णालये उघडली, खाटा मांडल्या. खाटेजवळ उभी राहणारी शिकलेली बाई मात्र मिळेना. धैर्य देशात भरपूर होते, शिक्षण नव्हते.

हे शिक्षण म्हणजे नेमके काय, याचा पहिला पक्का आराखडा फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने घालून दिला. तिचे नाव शाळेच्या पुस्तकात दिवा घेतलेल्या बाईच्या चित्रासह येते आणि दुर्दैवाने तेवढेच लक्षात राहते. १८५४ साली ती ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानात, इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचली. त्या हिवाळ्यात तेथील मृत्यू कमी झाले नाहीत, उलट वाढले. १८५५ च्या मार्चमध्ये आरोग्य आयोगाने गटारे, पाणी आणि हवा यांची व्यवस्था सुधारली तेव्हा मृत्यूचे आकडे झपाट्याने खाली आले. मायदेशी परतल्यावर तिने हे आकडे स्वतः मांडले. ज्या रुग्णालयात तिने रात्रीचा दिवस केला, त्या रुग्णालयातील दोष तिने झाकला नाही. मला वाटते, दिव्यापेक्षा हा प्रामाणिकपणा अधिक मोलाचा आहे. हिंदुस्थानात ती कधी आली नाही, पण येथील आरोग्याच्या प्रश्नांवर तिने आयुष्याची अनेक वर्षे लेखन व पत्रव्यवहार केला.

१८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाच्या फंडातून शाळा सुरू झाली. तेथे शिकाऊ मुलीचे दर महिन्याला एक प्रगतिपत्रक भरले जाई. मी शिक्षक असल्यामुळे त्या पत्रकाचे मला विशेष कौतुक वाटते. त्यात मलमपट्टी, पथ्य, रुग्णाला हलविणे यांचे रकाने होतेच. पण त्याच कागदावर स्वभावाचेही रकाने होते. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, अंगची स्वच्छता व नीटनेटकेपणा, वॉर्डाची व्यवस्था, टापटीप. म्हणजे सद्गुण हा प्रवचनाचा विषय न ठेवता तिने तो रोजच्या कामात पाहिला आणि दरमहा नोंदविला. आपल्या शाळांच्या प्रगतिपत्रकातही ‘वर्तणूक’ हा रकाना असतो. त्यात ‘चांगली’ असे किती विचाराने लिहिले जाते, ते आपण शिक्षकच जाणतो!

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. नर्सिंगच्या मुली हातात दिवा घेऊन जी ‘नाइटिंगेल शपथ’ घेतात ती तिने लिहिलेली नाही. ती १८९३ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे लिस्ट्रा ग्रेटर या बाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. शपथेचा समारंभ देखणा असतो, आईवडिलांचे डोळे भरून येतात. पण शपथ एका संध्याकाळची. तिची परीक्षा पुढे हजारो रात्री चालू राहते.

आता आपल्या महाराष्ट्रात या. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले आणि तेथील स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविले. त्या काळी ब्राह्मण घरातील विधवेने परक्या माणसाचे अंग पुसावे, कोणत्याही जातीच्या रुग्णाला भरवावे, ही कल्पनाच सोवळ्या समाजाला सहन होणारी नव्हती. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न आपल्याच समाजाचा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावे. आपल्या शेजारी भोपाळ संस्थानात बेगम सुलतान जहाँ, ज्या १९२० साली अलीगढ विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या, त्यांनी स्त्रियांच्या दवाखान्याला जोडून दाया आणि परिचारिका शिकविण्याची सोय केली. बेगम साहेबा स्वतः बुरखा घालून राज्यकारभार पाहात.

शिक्षणामागोमाग कायदा आला. मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला. आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताबरोबर होता. तेथे १९३६ साली झाला. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा आणि १९६६ मध्ये महाराष्ट्र परिचारिका अधिनियम झाला. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा केला. ही नामावळी रुक्ष वाटेल, पण नोंदणीचा अर्थ नीट समजून घ्या. ज्या बाईचे नाव नोंदवहीत आहे तिचे ज्ञान तपासलेले आहे आणि गैरवर्तनासाठी ते नाव काढूनही टाकता येते. डॉक्टर व वकील यांच्याप्रमाणे तीही आपल्या कामाला स्वतः जबाबदार ठरली. भोर समितीने १९४६ साली हिशेब केला तेव्हा देशात ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका, असे प्रमाण निघाले होते. अशा देशात ‘नर्सबाई’ला मान मिळण्यास वेळ लागला, तो प्रामुख्याने या नोंदवहीमुळे आणि तिच्या मागच्या शिक्षणामुळे मिळाला.

मग ही व्यावसायिक मूल्ये म्हणजे काय? २०२१ साली जो नवा बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम आला त्यात व्यावसायिकता, मूल्ये व नीतिशास्त्र हा स्वतंत्र विषय घातला आहे. पुस्तकातील व्याख्या विद्यार्थिनी पाठ करतीलच. आपल्या घरातील शब्दांत सांगायचे तर त्यातील पुष्कळसे आपल्या परिचयाचे आहे. रुग्णाचा आजार, त्याचे घरगुती दुःख, तपासणीचा अहवाल ही अमानत आहे. ती मोहल्ल्यात बोलायची नाही, अगदी चुलत बहिणीजवळही नाही. केसपेपरवरची नोंद ही गवाही आहे. रात्री दोन वाजता ताप पाहिला नसेल तर पहाटे सहाला अंदाजाने ‘शंभर’ लिहिणे ही खोटी साक्ष होय, आणि त्या साक्षीवर सकाळी डॉक्टर औषध ठरवितात. औषध देताना रुग्ण तोच, औषध तेच, मात्रा तीच, वेळ तीच, देण्याचा मार्ग तोच, हे पाच वेळा पडताळून पाहावयाचे. मग रुग्ण नगरसेवक असो की बसस्टँडवरचा बेवारस. हया म्हणजे पडद्याआड न पाहता केवळ डोळे मिटून घेणे नव्हे. रुग्णाचे अंग पुसताना चादर किती आणि कशी बाजूला करावी, कोणाला बाहेर उभे करावे, हे जाणणे ही परिचारिकेची हया.

आणि हे सर्व वर्गात शिकविता येत नाही. विद्यार्थिनीला वाटते की आपण फळ्याकडे पाहून शिकतो. प्रत्यक्षात ती वॉर्डातल्या सीनियर सिस्टरकडे पाहून शिकत असते. ती सिस्टर हात धुते की नाही, गरीब बाईला ‘अगं ए’ म्हणते की ‘आई’ म्हणते, हातून औषध चुकले तर लगेच सांगते की कागद दडविते, हे मुलगी पाहते आणि वीस वर्षे तसेच वागते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील आहे. अरुणा शानबाग ही कर्नाटकातील हळदीपूरची मुलगी तेथे परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने तिच्यावर अमानुष हल्ला केला. साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूला रक्त मिळाले नाही. दृष्टी गेली, वाचा गेली, भान गेले. ती त्या अवस्थेत ४२ वर्षे जगली. ज्या रुग्णालयात ती रुग्णांना वळवीत होती, त्याच रुग्णालयाच्या वॉर्ड क्रमांक ४ शेजारच्या खोलीत तिच्या सहकारिणी तिला वळवीत राहिल्या.

‘वळविणे’ हा शब्द वाचकांनी सहज पुढे जाऊ देऊ नये. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ, कंबर, टाचा एकाच जागी दाबल्या गेल्या की तेथील कातडीला रक्त मिळत नाही आणि जखम पडते. ती हाडापर्यंत जाते, तीतूनच पुष्कळ रुग्ण दगावतात. उपाय एकच. दर दोन तासांनी कूस बदलावयाची, कातडी कोरडी ठेवावयाची, चादरीला सुरकुती राहू द्यावयाची नाही. दिवसाचे बारा वेळा. ज्यांच्या घरी म्हातारी आजी सहा महिने झोपून होती त्यांना हे काम ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयापुढे हे प्रकरण आले तेव्हा रुग्णालयाच्या वतीने सांगण्यात आले की एवढ्या वर्षांत अरुणाच्या अंगावर अशी एकही जखम झाली नाही. तिला मरण मिळावे अशी याचिका होती. तेथील परिचारिकांनी तिला विरोध केला, आणि ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती याचिका फेटाळली. तिला जगवावे की जाऊ द्यावे, याबद्दल विचारी माणसांत मतभेद होते व राहतील. माझे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे जाते. १८ मे २०१५ रोजी अरुणा वारली तेव्हा तिची देखभाल करणाऱ्यांत अशा मुली होत्या ज्या १९७३ साली जन्मल्याही नव्हत्या. त्यांनी तिला कधी हसताना-बोलताना पाहिले नव्हते. तिच्याकडून आभाराचा एक शब्द मिळण्याची शक्यता नव्हती. एका तुकडीने दुसरीला दाखविले, दुसरीने तिसरीला. मूल्य हातातून हातात जाते ते असे.

याच कथेची दुसरी बाजू दडवून चालणार नाही. अरुणावर हल्ला झाला तो तिच्या कामाच्या जागी. त्या वेळी मुंबईच्या परिचारिकांनी संप करून तिच्यासाठी आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठी मागण्या केल्या, आणि ते योग्यच होते. पालकांची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. रुग्णसेवेतील लोकांवरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० सालचा कायदा आहे. कामाच्या जागी स्त्रीच्या छळाविरुद्ध २०१३ सालचा केंद्राचा कायदा आहे. मुलीला पाठविताना तेथे तक्रार समिती आहे काय, वसतिगृह कोठे आहे, रात्रपाळीला जाण्यायेण्याची सोय काय, हे विचारणे हा पालकांचा हक्क आहे. तसेच पगाराचे. ‘तुम्ही तर सेवा करता’ असे म्हणून खासगी दवाखान्यांतून तुटपुंजे पैसे हातावर ठेवले जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने लहानांतल्या लहान, म्हणजे पन्नासाहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २० हजार रुपये मिळावेत अशी शिफारस केली. सेवेच्या नावाखाली वेतन बुडविणे हा सेवेचाच अपमान आहे.

डफरीन फंडाच्याच काळात, १८८६ साली, पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी गृहस्थांच्या देणगीतून मुंबईत स्त्रियांचे कामा रुग्णालय उघडले. त्याच रुग्णालयात २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी घुसले. अंजली कुलथे या परिचारिका रात्रपाळीवर होत्या. वॉर्डात वीस गर्भवती स्त्रिया होत्या. त्यांनी दारे बंद केली आणि सर्वांना लहानशा पँट्रीत नेऊन बसविले. त्यातील एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा गोळीबार चालू असताना भिंतीच्या कडेकडेने त्यांनी तिला प्रसूतिकक्षात पोहोचविले. पुढे त्यांनी कसाबला ओळखून साक्ष दिली आणि २०२२ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे तो अनुभव सांगितला. असे धैर्य एका रात्रीत येत नाही. दररोज वॉर्डातील खाटा मोजण्याची, कोणाला काय हवे ते लक्षात ठेवण्याची जी सवय, तिच्यातूनच ते येते असे मला वाटते.

आणि आपले अकोला? २०२० च्या उन्हाळ्यात कोरोनाने आपल्या शहराला कसे ग्रासले होते, ते सांगावयास नको. मृतदेहाला हात लावण्यास रक्ताचे नातेवाईक धजत नव्हते, तेव्हा येथील कच्छी मेमन जमातच्या तरुणांनी अनेक मृतांचे अंतिम संस्कार केले. मुसलमानाचे दफन केले, हिंदूच्या चितेला अग्नी दिला. वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली, आपणा सर्वांची मान उंचावली. पण त्याच दिवसांत सर्वोपचार रुग्णालयात, अंगावर प्लॅस्टिकचा पोशाख चढवून, मे महिन्याच्या उकाड्यात, श्वास लागलेल्या माणसाच्या उशाशी ज्या सिस्टर उभ्या होत्या त्यांच्यात आपल्या समाजाच्या मुली किती होत्या? मृताच्या खिदमतीला आपण पुढे होतो. जिवंताच्या खाटेजवळ आपली मुलगी उभी राहण्यास आपण हरकत घेतो. बुरख्यातील आपली आई, आपली पत्नी लेडी हार्डिंगमध्ये दाखल होते तेव्हा तिची भाषा जाणणारी, तिची लाज राखणारी सिस्टर असावी असे आपणांस वाटतेच ना? ती कोणाच्या तरी घरातूनच यावयाची आहे.

विद्यार्थिनींनो, शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी तुमच्यासाठी. ए. एन. एम. हा दोन वर्षांचा, जी. एन. एम. तीन वर्षांचा आणि बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पदवीसाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेतलेले असावे. ‘सहा महिन्यांत नर्स’ अशा पाट्या ठिकठिकाणी दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. त्या प्रमाणपत्रावर परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही. प्रवेशापूर्वी संस्थेची मान्यता परिषदेच्या यादीत स्वतः पाहा आणि तिला किती खाटांचे रुग्णालय जोडलेले आहे ते विचारा. जेथे वॉर्डात न जाता हजेरी लागते तेथे फी कितीही कमी असो, प्रवेश घेऊ नका. आणि अर्ज भरण्यापूर्वी एक दिवस वडिलांना बरोबर घेऊन सर्वोपचारमध्ये जा, भेटीच्या वेळेत एखाद्या वॉर्डाच्या बाकावर अर्धा तास बसा. तेथील सिस्टर काय काय करते ते दोघांनी मिळून पाहा, आणि मग घरी येऊन फॉर्म भरा.